थ्रॉम्बिनची पकड

जळू गळून पडली तरी तिच्या चाव्यातून रक्त कितीतरी तास पाझरत राहतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांसाठी एक सबंध अध्याय आहे. पण हे रक्त थांबत का नाही, याचा माग १८८४ साली लागू लागला. जळवेच्या मुखभागात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं. पुढे त्याला हिरुडिन हे नाव मिळालं. हिरुडिन ज्याला जखडून टाकतं ते विकर (एन्झाइम) म्हणजे थ्रॉम्बिन.

थ्रॉम्बिन रक्तात आयतं फिरत नसतं. यकृतात बनलेल्या प्रोथ्रॉम्बिनपासून ते जखमेच्या जागी तयार होतं. फायब्रिनचं जाळं विणायला लावणं हे त्याचं एक काम. प्लेटलेट जाग्या करणं हे दुसरं. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांचे आकडे घरोघरी विचारले जातात, त्या याच. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते चार लाख असतात.

थ्रॉम्बिन त्यांना जागं कसं करतं, हे १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत शॉन कफलिन यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं. प्लेटलेटवर इशारा टिपणारे रेणू असतात, त्यांना ग्राही म्हणतात. विकर ग्राहीत किल्लीसारखं बसत असेल, असं आपल्याला वाटतं. इथे किल्ली कुलपातच दडलेली असते. 'पार-१' या ग्राहीचं बाहेर लोंबणारं टोक थ्रॉम्बिन कापतं. उघडं पडलेलं नवं टोक वळून त्याच ग्राहीत शिरतं आणि प्लेटलेटला इशारा मिळतो. एकदा कापलेलं टोक पुन्हा जोडता येत नाही.

कापण्याआधी मात्र धरावं लागतं. थ्रॉम्बिनच्या कापणाऱ्या खाचेच्या दोन बाजूंना धन विद्युतभाराचे दोन पट्टे आहेत. त्यातल्या पहिल्या पट्ट्याला पार-१ चा जो ऋणभारित भाग चिकटतो, तो हिरुडिनच्या शेपटीशी मिळताजुळता आहे. जळू हीच जागा अडवते! 'पार-४' या दुसऱ्या ग्राहीत असा भाग नाही, म्हणून त्याला जास्त थ्रॉम्बिन लागतं.

दुसरा पट्टा 'ग्लायकोप्रोटीन वन-बी अल्फा' या ग्राहीच्या हाती लागतो. एका प्लेटलेटवर हे रेणू सुमारे २५,००० असतात. त्यांचं मोल एका आजाराने शिकवलं. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ बर्नार आणि झाँ-पिएर सुलिए यांनी लहानपणापासून रक्तस्राव होणारा एक आनुवंशिक आजार नोंदवला. त्या रुग्णांच्या प्लेटलेटवर हाच ग्राही नसतो किंवा नीट चालत नाही, हे १९७५ पासून उमगत गेलं.

२००३ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात थ्रॉम्बिन आणि हा ग्राही या जोडीच्या दोन स्फटिकरचना छापून आल्या. ग्राहीचे दोन रेणू एका थ्रॉम्बिनला दोन बाजूंनी धरतात, हे दोन्हींत दिसलं; पकडीचे तपशील मात्र जुळले नाहीत. स्फटिकात रेणू दाटीवाटीने बसतात. वाहत्या रक्तात ते तसेच बसतील असं नाही. म्हणून खरी पकड कोणती, हा वाद मोलाचा आहे.

ही पकड जखमेत जीव वाचवते आणि हृदयाच्या धमनीत जीव घेते. पार-१ ला अडवणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधाला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. पण मेंदूतल्या रक्तस्रावाच्या भीतीने पूर्वी पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. पकड किती सैल करायची, हाच खरा प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेत जळू लावण्याबरोबर ती सोडवणंही सांगितलं आहे: शुद्ध रक्त ओढू लागली की तिच्या तोंडावर सैंधव टाकावं. थांबायची वेळ ओळखणं हाही उपचारच आहे.