चाळीस वर्षांची पोटदुखी

कवठे महांकाळ तालुक्यात पोटदुखीला कारणांची कधी वाण पडली नाही. पोराचं पोट दुखलं की जंत झाले, बेंबी सरकली, नाहीतर दृष्ट लागली. मोठ्या माणसाचं दुखलं की तिखट, चहा, तंबाखू आणि काळजी. अल्सर हा चिंतेचा आजार, हे १९८० च्या सुमारास डॉक्टरही सांगत. त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण जगभरच्या पुस्तकांत तेच छापलेलं होतं: आम्ल वाढतं, जठराच्या आतल्या अस्तराला जखम होते, ती पुन्हा पुन्हा उलटली तर पोट उघडून ऑपरेशन. त्यासाठी माणसं मिरजेला जात. तिथे १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं होतं आणि १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही होतं.

१९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्रयोगशाळेत जठराचे तुकडे ठेवलेल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत एक वळणदार जंतू वाढलेला दिसला. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोघे डॉक्टर त्याच्याच मागावर होते. आम्लात जंतू जगेल यावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन दाखवला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बीण घातली तर जठराला सूज. या जंतूला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाच्या पक्क्या कारणांत घातलं आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ज्या दुखण्यासाठी पूर्वी पोट फाडत, ते दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरं होऊ लागलं.

इथवरची कथा सगळ्यांना ठाऊक असते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिचा मुलांकडे वळणारा भाग, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं. अल्सर चाळिशीत दिसतो, पण जंतू शिरतो तो बहुधा बालपणीच, तोही घरातूनच. आईकडून, भावंडांकडून, थुंकीतून, उलटीतून, शौचातून. नेमकी वाट प्रत्येक घरात निराळी असू शकते. एकदा शिरला की औषधाविना सहसा जात नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत चार वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी साधारण पाचात एकाच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत हेच प्रमाण दहात आठाच्या वर गेलं होतं. म्हणजे शाळेची वर्षं हीच त्याच्या पेरणीची वर्षं. पेरूमधल्या लिमा शहरात १९९१ साली आणखी एक गोष्ट दिसली: नगरपालिकेच्या नळाचं पाणी पिणारी श्रीमंतांची मुलंही या लागणीतून सुटलेली नव्हती.

कवठे महांकाळसारख्या तालुक्यात हे वाचताना पाण्याचाच विचार मनात येतो. पाऊस कमी, अग्रणी नदी वर्षातला बराच काळ कोरडी. १९७२ चा दुष्काळ अजून घराघरांत सांगितला जातो, आणि २०१२-१३ चा तर आजच्या कॉलेजातल्या मुलांनी स्वतः पाहिलेला. टँकर आला की मिळेल त्या भांड्यात पाणी भरायचं आणि ते पुरवून वापरायचं. पाणी मोजकं असलं की पहिली काटकसर हात धुण्यात होते. माठात ओगराळ्याऐवजी पेला बुडतो, एकाच ताटात तीन पोरं जेवतात. यात कुणाच्या आईचा दोष नाही. घरात दोन हंडे पाणी असताना तिने प्यायला ठेवायचं की हात धुवायला द्यायचं?

म्हणूनच या रोगाचा आपल्या भागातला मागोवा मी दवाखान्यांत कमी आणि ग्रामपंचायतींत जास्त शोधतो. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ते शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. २००९ नंतर तर तासगाव-कवठे महांकाळ हाच त्यांचा मतदारसंघ होता. गावं झाडली गेली, गटारं बांधली गेली, संडास उभे राहिले, आणि बक्षिसासाठी का होईना, गावकऱ्यांत चढाओढ लागली. पुढे म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी या माळावर चढलं, द्राक्षबागा वाढल्या, हातात पैसा आला, घरात खोल्या वाढल्या. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ. जपानमध्ये युद्धानंतर पाणी आणि राहणीमान सुधारत गेलं, तशी प्रत्येक पिढीत ही लागण कमी होत गेली. तिथे ते गोळ्यांनी घडलेलं नव्हतं, आणि आपल्याकडेही गोळ्यांच्या भरवशावर घडणार नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शाळकरी मुलांची अधूनमधून होणारी, बेंबीभोवतीची पोटदुखी फार सर्रास असते आणि बहुतेक वेळा तिचा या जंतूशी संबंध नसतो. युरोप-अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की केवळ अशा दुखण्यासाठी मुलांची या जंतूची तपासणी करू नये, आणि रक्ताच्या चाचणीवरून तर उपचार ठरवूच नयेत. त्या चाचणीत जुनी, होऊन गेलेली लागणही दिसते. भारतात मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाला हा जंतू आता फारसा जुमानत नाही, क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचाही धाक कमी होत चाललाय. अर्धवट सोडलेला प्रत्येक कोर्स त्यात भर घालतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना पोराला अशा गोळ्या आणणं थांबलं पाहिजे.

पण पोर दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, सारखी उलटी होत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, किंवा लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही वयात आलेल्या मुलीचं रक्त वाढत नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे घरगुती उपाय करत बसू नये; पोटविकार आणि बालरोग पाहणाऱ्या डॉक्टरांकडेच न्यावं. गरज वाटली तर ते दुर्बीण घालून जठराचा तुकडा तपासतील, आणि जंतू सापडला तर ठरवून दिलेली औषधं ठरलेले सगळे दिवस द्यावीत. संपल्यावर किमान महिनाभराने श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून तो गेला का हे पाहावं. पोराला बरं वाटू लागलं की ही शेवटची चाचणी घरोघरी राहून जाते.