बुरो, पिंदांग आणि पांपांगाची साधी खाणावळ

पांपांगाला जाणाऱ्या खवय्यांना बहुतेक वेळा सिसिग खायचं असतं. ते जरूर खावं. पण या प्रांताची खरी चव कळायची असेल, तर आधी बुरो मागवावं, आणि तेही एखाद्या साध्या खाणावळीत, असं माझं ठाम मत आहे.

पांपांगा हा फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरचा, मनिलाच्या वायव्येचा सखल प्रांत. इथले लोक कापाम्पांगान. त्यांच्या भाषेलाही तेच नाव. सुगरणपणासाठी त्यांचा देशभर लौकिक आहे. रस्त्याकाठच्या खाणावळीत छापील मेनूकार्डाची गरज पडत नाही. शिजवलेले पदार्थ पातेल्यांत आणि ट्रेमध्ये समोरच मांडलेले असतात. हवं त्याकडे बोट दाखवायचं, भात घ्यायचा आणि बाकावर बसायचं. अशा खाणावळींना तुरो-तुरो म्हणतात. सान फर्नांदोमधलं ‘एव्हरीबडीज कॅफे’ १९४६ पासून चालू आहे. आता ते बरंच नावाजलं असलं, तरी पदार्थ मांडून ठेवण्याची रीत तीच.

इथलं जेवण समजून घ्यायचं तर आधी जमीन पाहावी लागते. कांदाबाचा पाणथळ भाग पावसाळ्यात पुराखाली जातो आणि पाणी ओसरलं की त्याच जागी शेती होते. कधी मासे, कधी भात. भरपूर मिळतं तेव्हा पुढच्या दिवसांची सोय करायची आणि उष्ण, दमट हवेत ते टिकवायचं, हा इथल्या स्वयंपाकघरापुढचा जुना प्रश्न. बुरो हे त्याचं उत्तर.

शिजवलेला भात निववतात. त्यात मीठ आणि मासे किंवा कोळंबी मिसळून तो बरणीत भरतात आणि लोणच्याच्या बरणीसारखा घरात एका बाजूला मुरत ठेवतात. साधारण आठवडाभरात भात आंबतो, विरघळल्यासारखा मऊ होतो. माशाचे बारीक काटेही नरम पडतात. मग लसूण-कांद्यावर तो परततात, बऱ्याचदा आलं आणि टोमॅटोही घालतात. पानात येतो तेव्हा त्याची दाट, आंबट-खारट चटणी झालेली असते. सोबत तळलेला मांगूर जातीचा मासा, उकडलेलं वांगं, भेंडी, कारलं आणि मोहरीची पानं. मोहरीच्या पानात माशाचा तुकडा ठेवायचा, वर बुरो घालायचं आणि गुंडाळून तोंडात टाकायचं. पानाचा झणका, कारल्याचा कडवटपणा, तळलेल्या माशाचं तेल, हे सगळं त्या आंबटपणात एकत्र येतं. वास उग्र असतो. पहिल्या घासाला थोडा धीर धरावा; दुसरा घास आपणहून घेतला जातो.

आंबवून टिकवण्याची ही समज मांसातही दिसते. डुकराच्या मांसाचे पातळ काप मीठ-साखर लावून आंबूस होईपर्यंत मुरवतात, ते पिंदांग. म्हशीच्या मांसाचंही करतात. फिलिपिन्सभर नाश्त्याला मिळणारं लालसर, गोड तोसिनो याच्याच कुळातलं, पण पिंदांगचा आंबटपणा त्यात फार कमी उरला आहे. मला ते मोठं नुकसान वाटतं. लसूणभात, अंडं आणि खरपूस भाजलेलं पिंदांग ही सकाळची थाळी कुठल्याही मेजवानीच्या तोडीची आहे.

सिसिगही मुळात आंबटच. १७३२ च्या दिएगो बेरगान्यो यांच्या कापाम्पांगान शब्दकोशात हा शब्द येतो तो कच्च्या पपईच्या किंवा पेरूच्या आंबट कोशिंबिरीसाठी. आजचं सिसिग आंजेलेस शहरातलं. डुकराचं डोकं उकडायचं, कान-गाल कोळशावर भाजायचे, बारीक चिरायचे, मग कांदा, मिरची, कोंबडीची कलेजी आणि कालामान्सी या छोट्या लिंबाचा रस. जवळच्या क्लार्क हवाई तळावरच्या अमेरिकी स्वयंपाकघरांना डुकराची डोकी नको असत, म्हणून ती स्वस्तात मिळत, असं सांगतात. रेल्वे फाटकापाशी टपरी चालवणाऱ्या लुसिया कुनानान, म्हणजे आलिंग लुसिंग, यांनी १९७४ च्या सुमारास हे रूप लोकप्रिय केलं. २०१७ मध्ये आंजेलेस शहराने वटहुकूम काढून सिसिगला आपला वारसा ठरवलं. इतरत्र त्यावर अंडं फोडतात, मेयोनेज ओततात. जुने कापाम्पांगान खवय्ये त्यावर नाराज होतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे: मेयोनेजखाली लिंबाचा रस मरतो.

शेतातून थेट पातेल्यात येणाऱ्या गोष्टीही आहेत. कामारू म्हणजे जमिनीत बिळं करणारा रातकिड्याच्या जातीचा किडा. त्याचे पाय-पंख काढून तो व्हिनेगर-लसणात शिजवतात आणि मग कुरकुरीत परततात. बेतुते म्हणजे खिमा भरून तळलेला बेडूक. दोन्ही भातशेतीचे पाहुणे. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. इथे मात्र ते भाताबरोबरचं कालवण आहे. स्पॅनिश काळातल्या श्रीमंत घरांच्या मेजवान्यांनी या प्रांताला बरंच दिलं. नारळाचं दूध आणि हळद घातलेला चिकट तांदळाचा ब्रिंघे आजही सणाला हवाच. तरीही माझा जीव शेताकडून आलेल्या जेवणात अधिक रमतो.

त्या शेतांनी फार सोसलं आहे. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढची काही वर्षं पावसाबरोबर राखेचा चिखल वाहत राहिला. १९९५ मध्ये बाकोलोर गाव त्याखाली गाडलं गेलं; तिथलं सान गिल्येर्मो चर्च जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत बुजलं. लोक परतले. चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना सुरू झाल्या.

जायचं तर सकाळी उशिरा जावं, पातेली भरलेली असताना. बुरो आणि तळलेला मासा आधी सांगावा, पिंदांग दिसलं तर तेही, आणि शेवटी म्हशीच्या दुधाची मऊ खीरवडी, तिबोक-तिबोक, मिळते का ते विचारावं. सिसिग संध्याकाळीही मिळतं.