आईला गावी नेताना

गणपती जवळ आले की आपल्या लालबाग-परळच्या चाळींत एकच विषय असतो, गावाला कधी निघायचं? गाडी ठरते, पिशव्या भरतात, आणि आई हळूच म्हणते, "तुम्ही जा, मी इथेच बरी." आपल्याला वाटतं, गुडघे दुखत असतील. बचत गटात आम्ही यावर बोललो, तेव्हा बऱ्याच घरांतलं खरं कारण एकच निघालं. वाटेत लघवीला कुठे जायचं, ही भीती.

ही गोष्ट आई मुलाला सांगत नाही, जावयाला तर नाहीच. मग ती तिच्या परीने उपाय करते. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडते. बीपीसाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी बाजूला ठेवते. हे दोन्ही धोक्याचं आहे. वय वाढलं की तहान मुळात कमी लागते. त्यात पाणी तोडलं की चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ सुरू होते. गोळी चुकली तर सूज वाढते, दम लागतो.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, "प्रवासाच्या दिवशी ही गोळी किती वाजता द्यायची?" वेळ मागेपुढे करायची की नाही, ते डॉक्टरच सांगतील. पाणी थोडं थोडं, घोट घोट द्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच.

आता वाट. मुंबईहून चिपळूण साधारण अडीचशे किलोमीटर. गणपतीच्या गर्दीत त्याला किती तास लागतील, ते कुणी सांगू शकत नाही. स्वतंत्र गाडी असेल तर पनवेल, पेण, माणगाव, महाड असे थांबे आधीच ठरवा. दर दोन तासांनी थांबायचंच, आईने म्हटलं नाही तरी. सगळ्यांदेखत "तुला जायचंय का?" असं विचारलं की ती नाहीच म्हणते. त्यापेक्षा आपण उठायचं आणि म्हणायचं, "चल आई, मी जातेय, सोबत ये." उतरल्यावर चार पावलं चालवा. बसल्या जागी पावलं वरखाली करायला सांगा. तासन् तास पाय लोंबकळत राहिले तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

एसटीने जाणार असाल तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून राज्यात मोफत प्रवास आहे, आणि 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. आईचं आधार कार्ड जवळ ठेवा. मागची सीट धक्के देते, पुढची घ्या. कंडक्टरना बसतानाच सांगून ठेवा, की सोबत म्हातारं माणूस आहे, वाटेत थांबावं लागेल.

औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, हातातल्या पर्समध्ये हवीत, दोन-चार दिवसांची जास्तच. केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. इन्सुलिन थंड ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको. मधुमेह असेल तर बिस्किटं आणि साखर हाताशी. एक जादा साडी आणि पॅडही घ्या. अडचण आली तर 108 नंबर आहेच.

गावच्या घराचाही विचार करा. संडास मागच्या अंगणात, त्यात पाऊस, शेवाळ आणि अंधार. घडीची कमोड खुर्ची परळला रुग्णालयांच्या आसपासच्या दुकानांत मिळते. एकटीला परवडत नसेल तर गटातल्या चौघींनी मिळून घ्या आणि आळीपाळीने वापरा. खाटेजवळ बॅटरी ठेवा.

मैत्रिणींनो, तिकीट काढण्याआधी आईजवळ एकटीने बसा आणि हे सगळं मोकळेपणाने विचारा. तिच्या बरोबरीच्या बायका गावात आता थोड्याच उरल्यात. त्यांची गाठ केवळ लघवीच्या भीतीपायी चुकायला नको.