बोलण्याने मन बरे होते का?

पाय मुरगळला तर आपण तो शेकतो, ताप आला तर डॉक्टरांकडे जातो. पण भीतीने पोटात गोळा येऊ लागला, कशातच मन लागेनासे झाले, तर काय करतो? 'मनावर घेऊ नकोस' असे कोणीतरी सांगते आणि विषय तिथेच संपतो.

काही वर्षांपूर्वी मीही असेच केले. बारावीच्या सहामाहीत नापास झालेला एक विद्यार्थी प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेत मागे थांबला. आईवडील ऊसतोडणीला गेलेले, हा बीडमध्ये खोली घेऊन एकटा राहणारा. "सर, माझ्या हातून काहीच होणार नाही," एवढेच तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "मन घट्ट कर, अभ्यासाला लाग," असे सांगितले. पुढच्या आठवड्यापासून तो वर्गात दिसला नाही. माझा सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण सल्ला म्हणजे उपचार नव्हे. या दोहोंत फरक काय, ते आज पाहू.

बोलण्यातून करावयाच्या उपचारात एक प्रशिक्षित उपचारक आणि एक व्यक्ती ठरलेल्या वेळी भेटतात. सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही. काय बदलायचे ते दोघे मिळून ठरवतात आणि बदल होतो की नाही हे तपासत राहतात. या उपचाराचे नाव एका रुग्ण स्त्रीनेच ठेवले. व्हिएन्नातील डॉक्टर ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात तिच्यावर उपचार करीत होते. आठवणी सांगितल्या की तिला हलके वाटे. म्हणून ती त्याला 'बोलण्याचा उपचार' म्हणू लागली. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि तेथून ही शाखा वाढत गेली.

पुढे तिला अनेक फांद्या फुटल्या. आपल्या त्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घेऊ. फ्रॉइडच्या परंपरेतला उपचारक त्याच्या जुन्या आठवणींकडे वळेल. अपयशाची एवढी धास्ती लहानपणीच्या कोणत्या अनुभवातून आली, ते शोधील. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्या पद्धतीचा उपचारक उपदेश करणार नाही. तो मुलाचे म्हणणे न्यायनिवाडा न करता इतके मनापासून ऐकेल, की मुलाला स्वतःचा मार्ग स्वतःच दिसू लागेल.

वर्तनोपचार करणारा प्रत्यक्ष कृतीकडे पाहील. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवल्याचे प्रसिद्ध केले. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. आपल्या विद्यार्थ्यालाही अशाच लहान पायऱ्यांनी पुन्हा पुस्तकाजवळ आणता येईल.

चौथी पद्धत विचारांची. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात. ओहमचा नियम आठवा. विद्युत्-दाब तोच असला, तरी वाहणारा प्रवाह रोधावर अवलंबून असतो. तसेच नापास होणे ही घटना एकच; पण 'या पेपरात मी कमी पडलो' असे मानणाऱ्याला वाईट वाटते, आणि 'मी नापास झालो म्हणजे मी कुचकामी' असे मानणारा पार खचतो. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपली समजूत असते. उपचारक विचारतो, "कशावरून? पुरावा काय?" विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

आता तुम्ही मला तोच प्रश्न विचारा : बोलण्याने माणूस बरा होतो, कशावरून? काळानेही दुःख कमी होतेच! याचे उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. 'संगाथ' या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र उदासीनतेचे ४९५ रुग्ण निवडले. तीव्रता मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची प्रश्नावली होती. तिचे गुण ० ते २७. मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाचीही निवड आड येऊ न देता, दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातील डॉक्टरांचे सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला तेच उपचार, आणि शिवाय सहा ते आठ बैठकींचा बोलण्याचा उपचार. तो देणारे मानसतज्ज्ञ नव्हते, तर खास प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक होते. उदास माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने आणखी उदास होतो. हे चक्र लहान लहान कामे पुन्हा सुरू करून तोडायचे, हा उपचाराचा गाभा.

निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी पहिल्या गटात २३६ पैकी ९१ जण, म्हणजे ३९ टक्के, उदासीनतेतून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात २३० पैकी १४७, म्हणजे ६४ टक्के. काळ दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता. मग हा फरक बोलण्याचाच, असे म्हणावे लागते. पण हेही पाहा, की १०० पैकी ३६ जण तेव्हा बरे झाले नव्हते. काही आजारांत औषधे लागतातच, आणि काही वेळा पद्धत बदलावी लागते.

आणखी एक मर्यादा आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. समजूत बदलल्याने पाऊस पडत नाही, कर्जही फिटत नाही. समुपदेशन म्हणजे शेतमालाच्या भावाला पर्याय नव्हे. पण खचलेल्या माणसाला उद्याचा मार्ग शोधण्याइतके बळ त्यातून मिळू शकते. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी बीडसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही देशव्यापी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

तुमचा एखादा मित्र गप्प गप्प राहू लागला, तर त्याला उपदेश करू नका. शेजारी बसा, "काय झालं?" असे विचारा आणि त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐका. तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर ते गुपित ठेवू नका. लगेच शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना सांगा आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की वरचा क्रमांक वर्गात ठळक लिहून लावावा. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर तो लावला आहे. प्रॅक्टिकल संपल्यावर कोणी मागे रेंगाळले, तर मी आता आधी स्टूल पुढे करतो.