सिप्झच्या फाटकाआत

सकाळी 7.20. घाटकोपरला मेट्रो पकडायची, मरोळ नाक्याला उतरून खाली भुयारी मेट्रोत शिरायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो-3 चा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून सिप्झ या मुंबईतल्या निर्यात क्षेत्रात जायला अंधेरीहून बसची रांग लावावी लागत नाही. डब्यात ओळखीचे चेहरे असतात. शेजारच्या युनिटमधला खडे बसवणारा सेटर असतो, वॅक्स, म्हणजे मेणाचे नमुने करणाऱ्या विभागातल्या दोघी-तिघी असतात. आमच्याकडून गेलेली आणि आता समोरच्या इमारतीत संगणकावर कॅड डिझाइन करणारी मुलगीही असते. पगार आणि बोनसच्या गप्पांत कोणाकडे कुठलं मशीन आलं, हेही कळून जातं.

8.15. फाटकावर पास दाखवला. 1973 मध्ये हे क्षेत्र उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. हिरे-दागिन्यांचे कारखाने आले ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आता इथून हिरेजडित दागिने जातात, त्यातला मोठा वाटा अमेरिकेला. कारखाने भिंतीला भिंत लावून आहेत आणि गिऱ्हाइकं बहुतेक तीच. म्हणजे शेजारी आणि प्रतिस्पर्धी एकच.

9.00. रात्रभर भट्टीत असलेल्या फ्लास्कमध्ये, म्हणजे प्लास्टर भरलेल्या नळकांड्यात, सोनं ओतून झालं होतं. प्लास्टर धुऊन झाड, म्हणजे एका दांड्याला लागलेल्या अंगठ्यांचा गुच्छ, बाहेर काढलं. 14 कॅरेटच्या, म्हणजे 58.5 टक्के सोन्याच्या अंगठ्या. वॅक्सवरून ओतलेले नग स्वच्छ आले होते. पण थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढलेल्या नव्या सँपलवर फाईल फिरवली तर पिनहोल, बारीक भोकं, सगळीकडे. पृष्ठभाग खरबरीत. सँपल शुक्रवारी निघायला हवं होतं.

आमच्या कास्टरचं म्हणणं, भट्टी अजून तापवू. मला खात्री वाटेना.

11.10. मग फोन केला तो दोन इमारती सोडून असलेल्या एका कारखान्यातल्या कास्टिंगच्या दादांना. त्यांची कंपनी आणि आमची, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या असतात. दादा थेट म्हणाले, "तापमान वाढवू नका मॅडम. प्लास्टर बिघडेल, वायू सोडेल, मग अजून भोकं पडतील. रेझिन वॅक्ससारखं वितळून जात नाही, ते जळतं आणि राख ठेवतं. 730 अंशांवरच थांबा, पण वेळ वाढवा. भट्टीत हवा खेळू द्या. आणि स्प्रू कुठे लावलाय?" स्प्रू म्हणजे सोनं आत जायची वाट. पातळ बाजूला, म्हटलं. "जाड बाजूला घ्या. सोनं तिथं शेवटी गोठतं, त्याला तिथूनच सोनं पुरवावं लागतं."

चार मिनिटांचा फोन. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञानं 1890 मध्ये लिहिलं होतं की एका धंद्याची माणसं एका जागी राहिली की त्या धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत. दादांनी मार्शल वाचलेला नाही. त्यांच्याकडे माझा नंबर आहे, कारण आम्ही पूर्वी एकाच बाकावर काम केलं होतं.

1.30. डबा.

2.30. 'भारत रत्नम' या सामायिक सुविधा केंद्रात चक्कर. 2024 मध्ये ते सुरू झालं. लहान कारखान्याला जे मशीन एकट्यानं घेणं परवडत नाही, ते इथं भाड्यानं वापरता यावं, ही कल्पना. चांगली आहे. तरी माझा अनुभव असा की मशीन हाताशी आलं तरी ते कसं चालवायचं याचं बारीकसारीक ज्ञान दादांसारख्यांकडूनच यावं लागतं. सहकार्याच्या योजना आखणारे इमारतीवर खर्च करतात. ओळखी घडतील इतका काळ माणसं एका उपनगरात टिकतील का, हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

आणि टिकणं सोपं नाही. पवईला आयआयटीच्या 'साइन' या केंद्रात वाढलेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज आता नवी मुंबईत महापेला आहे. अंधेरीची 'मेकर्स असायलम' ही सर्वांना खुली कार्यशाळा गोव्याला गेली. 2020 च्या टाळेबंदीत याच मंडळींनी फेसशिल्डचं डिझाइन सगळ्यांना खुलं केलं होतं. गावोगावच्या छोट्या कार्यशाळांनी ते उचललं आणि 49 दिवसांत 10 लाख नग तयार झाले. असं जाळं ज्या उपनगरात विणलं गेलं, तिथंच त्याचं घर उरलं नाही. मला हे खटकतं.

4.45. सुधारलेलं झाड प्लास्टरमध्ये बुडवलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा असल्या प्रयोगांना इथं कोणाला सवड नव्हती. पण त्याच दिवसांत शेजारचे कारखाने एकमेकांना विचारत होते, कोणाकडे काम आहे, कोणाचे कारागीर रिकामे आहेत.

6.30. फाटकावर पुन्हा झडती, सोन्याचा कण बाहेर जाऊ नये म्हणून. परवानगीच्या कागदाशिवाय सोनं हलत नाही. भट्टीचा हिशोब मात्र माझ्यासोबत मेट्रोत बसून घाटकोपरला आला.

8.40. दादांचा फोन. त्यांच्या रोडियम प्लेटिंगवर डाग येतायत, आमच्याकडे ते काम कोण बघतं? नंबर दिला. आमच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही त्यांच्या नव्या डिझाइनचा विषय काढला नाही. सकाळी भट्टी उघडली की पिनहोल गेले का ते कळवायचं ठरलं.