अनवाणी गाणारी सँडी

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडच्या एका गायिकेबद्दल सांगणार आहोत. तिचं नाव सँडी शॉ. हे नाव कधी ऐकलं नसेल तरी काही बिघडत नाही. पण कष्ट एकीचे आणि मालकी दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, म्हणून तिची गोष्ट निवडली.

तिचं खरं नाव सँड्रा गुडरिच. जन्म १९४७ चा, लंडनच्या पूर्वेला डॅगनममध्ये. तिथे फोर्ड मोटारींचा मोठा कारखाना होता, आसपासच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटायची. शाळा सुटल्यावर सँड्रानेही काही काळ तिथे नोकरी केली. पण नाद गाण्याचा. अ‍ॅडम फेथ नावाचा तेव्हाचा गाजलेला गायक होता, त्याच्या नजरेत ती भरली. त्याचा कारभार बघणाऱ्या ईव्ह टेलर या बाईंनी तिला हाताशी धरलं आणि तिचं नाव बदललं. सँडी शॉ म्हटलं की इंग्रजीत 'वाळूचा किनारा' असं काहीसं ऐकू येतं.

त्या काळी गाणी छोट्या तबकडीवर निघत. कोणती तबकडी किती खपली याची यादी दर आठवड्याला लागायची. सँडीची पहिली तबकडी आपटली. दुसरी १९६४ साली थेट पहिल्या नंबरावर गेली. पोरीचं वय अवघं १७! पुढे १९६५ आणि १९६७ मध्ये आणखी दोन गाणी पहिली आली. तीन गाणी पहिल्या नंबरावर नेणारी ती पहिली ब्रिटिश गायिका. आणि ती गायची अनवाणी. आपल्याकडे बाई अनवाणी चालली तर कोण बघतंय? तिथे मात्र त्याची बातमी झाली, आणि तीच तिची ओळख ठरली.

आता १९६७ चं बघा. युरोपातल्या देशांची गाण्यांची एक स्पर्धा असते, युरोव्हिजन. त्या वर्षी ती व्हिएन्नात होती. सँडी ब्रिटनकडून गेली आणि जिंकली. ब्रिटनचा तो पहिलाच विजय. पण गाणं तिचं नावडतं! ते निवडलं होतं टीव्हीच्या प्रेक्षकांनी. गाण्याचं नाव 'पपेट ऑन अ स्ट्रिंग', म्हणजे आपली कळसूत्री बाहुली. पुरुषाने दोरी ओढावी आणि बाईने नाचावं असा त्याचा सूर तिला मनातून रुचला नव्हता, हे तिने पुढे उघड सांगितलं. पण जगभर तिला ओळखलं गेलं ते याच गाण्यावरून.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. एका गाण्यात दोन वेगळ्या मालक्या असतात. शब्द आणि चाल ज्याने रचली, ती एक मालकी. प्रत्यक्ष आवाज भरून घेतलेली मूळ फीत, ती दुसरी. आपण बचत गटात पापड लाटतो. पापडाची कृती कोणाची हा एक प्रश्न, आणि पाकिटावर नाव कोणाचं हा दुसरा. गाणाऱ्या बाईचा गळा कितीही गोड असो, कागदावर फीत दुसऱ्याच्या नावे असेल, तर ती कुठे विकायची, कितीला विकायची, हे तो दुसरा ठरवतो. १९६० च्या दशकात कोवळ्या वयाच्या कितीतरी गायकांनी असेच करार केले. आम्हाला वाटतं, सतराव्या वर्षी करार वाचायला कोणी शिकवतच नाही, खरी अडचण तिथे आहे.

दशक संपलं तसा बहर ओसरला. पहिला संसार मोडला, कर्ज झालं, तेव्हा तिने लंडनच्या एका हॉटेलात वाढपीणीचं कामही केलं. मुलांसाठी पुस्तकं लिहिली. १९८४ मध्ये द स्मिथ्स या तरुण मुलांच्या बँडबरोबर पुन्हा गायली. मग शिकायला बसली आणि मानसोपचाराचं शिक्षण घेऊन कलावंतांसाठी उपचार केंद्र काढलं. १९९० च्या दशकात तिने कोर्टकचेरी करून आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे मिळवली. इतक्या वर्षांनी! २०१७ मध्ये तिला सरकारी सन्मानही मिळाला, पण आमच्या मते मोठी गोष्ट आधीचीच.

आता पुन्हा डॅगनमला जाऊ. जून १९६८ मध्ये त्याच फोर्ड कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी मशीनवरून उठून संप केला. त्यांचं काम अकुशल धरून त्यांना खालच्या श्रेणीत टाकलं होतं, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषांपेक्षाही पगार कमी. सीट नाही तर गाडी पुरी कशी होणार? कारखाना अडला. मंत्री बार्बरा कॅसल यांनी या बायकांना चहाला बोलावून बोलणी केली. पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आला, आणि १९७० मध्ये ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा १९७६ मध्ये आला.

या संपावर २०१० साली 'मेड इन डॅगनम' हा चित्रपट निघाला. त्याचं शीर्षकगीत गायलं साठी उलटलेल्या सँडी शॉने. चित्रपट पगारवाढीपर्यंत येऊन थांबतो. पण शिवणकाम हे कौशल्याचं काम आहे, हे कंपनीने तेव्हा मान्य केलंच नव्हतं. ती वरची श्रेणी मिळवायला त्या बायकांना १९८४ मध्ये पुन्हा संपावर जावं लागलं.