धंद्यासाठी ॲप काढायचं की वेबसाईट पुरे? पैसे घालण्याआधी हे वाचा

समजा, ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडजवळ तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, फोटो इन्स्टावर पडतात. एक दिवस कुणीतरी सांगतं, "आता स्वतःचं ॲप काढा." कोटेशन येतं आणि आकडा बघून घाम फुटतो.

खरंच ॲप लागतं का?

दोघांत फरक काय?

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून डाऊनलोड करतो ते नेटिव्ह ॲप. ते बनवण्याचा खर्च वेगळा, शिवाय गुगलकडे नोंदणीचे २५ डॉलर एकदा आणि ॲपलकडे ९९ डॉलर दरवर्षी. प्रत्येक अपडेट स्टोअरच्या तपासणीतून जातं.

वेब ॲप ब्राउझरमध्ये चालतं. लिंक दाबली की सुरू. मेनू बदलला की सगळ्यांना लगेच नवा दिसतो. होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो. असा आयकॉन ठेवलेल्या वेब ॲपला नोटिफिकेशन पाठवण्याची सोय आयफोननेही मार्च २०२३ पासून दिली आहे.

मग ॲप कुणाला लागतं?

आपल्या लोकलचंच उदाहरण घ्या. मुंबईत यूटीएस ॲप २०१४ मध्ये आलं. पेपरलेस तिकिटासाठी अट अशी होती की, ते स्टेशनच्या हद्दीबाहेरूनच काढायचं. नाहीतर टीसी दिसल्यावर तिकीट काढणारे कमी नाहीत! त्यासाठी ॲप फोनचं लोकेशन तपासायचं. तिकीट फोनमध्येच राहायचं, नेट नसलं तरी दाखवता यायचं. लोकेशन ब्राउझरलाही कळतं, पण असा कडक पहारा नेटिव्ह ॲपमध्ये जास्त भरवशाने ठेवता येतो. शिवाय लोकलचा प्रवासी ते सतत उघडायचा, म्हणून ते फोनमध्ये टिकलं.

याउलट गणपतीला खोपटहून एसटीने गावी जाणारा माणूस वर्षातून एकदोनदाच आरक्षण करतो. एसटी महामंडळाचं ॲपही आहे आणि वेबसाईटही. पण एवढ्या कामासाठी त्याला वेबसाईट पुरते.

मोठ्यांनाही ठेच लागली

मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाईट बंद करून फक्त ॲपवर विक्री सुरू केली. २०१६ मध्ये वेबसाईट परत आणावी लागली. फ्लिपकार्टनेही मोबाईल साईट बंद केली होती, पण नोव्हेंबर २०१५ मध्ये 'फ्लिपकार्ट लाईट' हे वेब ॲप आणलं. स्लो नेट आणि कमी स्टोरेज असलेल्या फोनवरच्या ग्राहकाला दार बंद करणं परवडणारं नव्हतं.

डब्याचं काय करायचं?

तीन प्रश्न विचारा. ग्राहक रोज उघडणार का? नेट नसताना किंवा स्क्रीन बंद असतानाही सतत काम करावं लागणार का? आणि फोन भरला की तो आधी कुठलं ॲप उडवेल?

पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, किंवा तिसऱ्याचं 'आपलंच' असेल, तर साधं वेब ॲप करा. लिंक इन्स्टाच्या बायोमध्ये टाका, क्यूआर कोड डब्यावर चिकटवा. तीच माणसं रोज ऑर्डर द्यायला लागली आणि वेब ॲप अपुरं पडू लागलं, तर नेटिव्ह ॲप तेव्हाही काढता येईल.

तोवर ते पैसे भाजीला आणि डिलिव्हरीला लावा. ग्राहक परत येतो तो चवीसाठी, आयकॉनसाठी नाही.